किटलीची गुढी

तांदळाच्या डब्याच्या तळाला वाटी घासली आणि तो आवाज थेट माझ्या पलंगापर्यंत आला. एरवी आला नसता. घरासमोरून दर वीस मिनिटांनी बस जायची, कोपऱ्यावर दालपुरीवाला मोटरसायकलचा हॉर्न वाजवत उभा असायचा, शेजारी दिवसभर रेडिओ. त्या दुपारी वस्तीत कुणी शिंकलं असतं तरी चार घरांना कळलं असतं.

“किती आहेत, मा?” मी पडल्या पडल्या विचारलं.

“आहेत,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“किती?”

“तू पोटाकडे बघ. तांदळाकडे मी बघते.”

मॉरिशसमध्ये संचारबंदी लागून पाच दिवस झाले होते, आणि आता दुकानंही बंद राहणार असं रेडिओवर सांगितलं होतं. सगळा तांदूळ बेटावर बोटीने येतो, हे सहा वर्षं इथे राहून मी पहिल्यांदाच मनात आणलं. मला नववा महिना लागला होता. माझा नवरा धनेश समुद्रकाठच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. बाहेरून आलेल्या प्रवाशांना चौदा दिवस वेगळं ठेवायला ते हॉटेल सरकारने घेतलं, आणि जे नोकर आत राहायला तयार झाले त्यांना मग बाहेर यायची परवानगी नव्हती. धनेश सगळ्यात आधी तयार झाला. त्या प्रवाशांत माझी आई होती.

आई माझ्या बाळंतपणासाठी देवगडहून आली होती. जुईच्या वेळी मीच माहेरी गेले होते. त्यानंतरचं एक पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा मी इथे होते आणि आई तिथे. फोनवर ती फार बोलली नाही. “पुढच्या वेळी मी येईन,” एवढंच म्हणाली. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई, रत्नागिरीच्या पलीकडे गेली नव्हती. तिने पासपोर्ट काढला, डिंकाचे लाडू केले, बाळंतशेपा, अळीव, वेखंड असं सगळं बांधलं, बारशाला मला नेसायला म्हणून एक हिरवी इरकल घेतली आणि विमानात बसली. बेटाच्या सीमा बंद व्हायच्या आदल्या दिवशी ती उतरली. तिच्या पुढे दोन रांगा सोडून बसलेला माणूस आजारी निघाला. विमानतळावरूनच सगळ्यांना बसमध्ये घालून हॉटेलात नेलं. आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवर ती होती आणि मी तिला काचेआडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिचा फोन रोज दुपारी तीनला यायचा. त्या दिवशीही आला.

आई फोन कपाळाशी धरायची. मला तिचं कपाळ दिसायचं आणि छताचा दिवा.

“फोन खाली कर, आई. तोंड दिसू दे.”

“तोंड काय बघायचंय? तेच आहे.”

ती फोन घेऊन उठली तेव्हा उघड्या दारातून न्हाणीघर दिसलं. शॉवरच्या दांडीवर तिची साडी टपटपत होती.

“एवढी बाल्कनी आहे, ऊन आहे, आणि साडी आत कशाला वाळत घातलीस?”

“बाहेर खारा वारा आहे. रंग उडतो.” मग तिने फोन पलंगावर उलटा टाकला. गादीत दबलेला खोकला मला ऐकू आला. बराच वेळ.

“खोकतेयस तू.”

“ठसका लागला. जावईबापूंनी मिरची घातली असेल.”

“धनेश म्हणतो, तुझं ताट तसंच परत येतं.”

“चहाड्या करायला ठेवलंय का त्यांना तिथे?” ती म्हणाली, पण त्यात जोर नव्हता. “चव नाही गं कशाला. वासही नाही. वेखंड उगाळून नाकाशी धरलं, तर माती हुंगल्यासारखं.”

तेवढ्यात जुई धावत आली आणि तिने माझ्या हातातून फोन ओढला. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती.

“आजी, कधी येणार तू?”

“सात दिवसांनी. हात वर कर बघू. एका हाताची पाच, दुसऱ्या हाताची दोन. रोज एक बोट मिटायचं.”

जुई बोटं धरून आजीला, म्हणजे सासूबाईंना, दाखवायला पळाली. मी दार लोटून घेतलं.

“ताप आहे ना तुला?”

आईने फोन दुसऱ्या हातात घेतला.

“आई.”

“संध्याकाळकडे चढतो. सकाळी उतरतो थोडा.” मग आवाज बारीक करून, जणू कुणाची खोडी सांगावी तसं, ती म्हणाली, “नर्स सकाळी नऊला येते आणि संध्याकाळी पाचला. कपाळासमोर ते तापाचं पिस्तूल धरते. मी अर्धा तास आधी गोळी घेते. अंग गार लागतं. लस नको म्हणून बायका मला सांगायच्या, ताई, पोराला ताप आहे. अठ्ठावीस वर्षं ऐकलं. आता मी उलटं करते.”

“तू डॉक्टरांना सांग. आत्ता.”

“सांगितलं की नेतात. पलीकडच्या खोलीतल्याला नेलं, चार दिवस झाले, परत आला नाही. खोलीला कुलूप आहे. सात दिवस राहिलेत, सुमेधा. मी काढते. मागच्या वेळी तू तिकडे दवाखान्यात एकटी पडली होतीस आणि मी इकडे पोरांना खिचडी वाढत होते. या वेळी मी असणार.”

“मी धनेशला सांगते.”

“नाही सांगायचं.”

“सांगणार मी.”

“पोटातल्या जिवाची शपथ आहे तुला. जावईबापूंना नाही, तुझ्या सासूला नाही, कुणालाच सांगायचं नाही.”

“शपथ काढून घे, आई.”

“नाही,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. तिने उचलला नाही.

मी बी.एस्सी. झालेली बाई. शपथेने कुणाचं काही होत नाही, हे मला कळत होतं. पण मधलं एक गेलेलं होतं, आणि ती बोलली त्याच क्षणी पोटातलं बाळ सबंध वळलं. मी तशीच पलंगाच्या काठावर बसून राहिले. आईला श्वास पुरत नव्हता, एका वाक्यात दोनदा थांबत होती, हे मला आता पुन्हा ऐकू यायला लागलं. त्या हॉटेलात शंभराच्या वर माणसं होती. रोज दोनदा तिच्या कपाळाशी वाकणारी एक नर्स होती. आणि तिची ताटं विसळली जायची त्या स्वयंपाकघरात माझा नवरा होता.

धनेशचा फोन साडेपाचला यायचा, जेवणं वर गेली की. कोल्हापूरला हॉटेलचं शिक्षण घ्यायला आला तेव्हा त्याला आरतीपुरतं मराठी येत होतं. बाकीचं त्याने माझ्याकडून उचललं.

“आईंचं ताट आजपण परत,” तो म्हणाला. “मऊभात केला होता, तू सांगितला तसा. वरती तूप. त्यांना माझ्या हातचं आवडत नाही का?”

“तसं नाही.”

“मला वरच्या मजल्यावर बंदी आहे, नाही तर दाराबाहेरून विचारलं असतं. आहेत ना त्या बऱ्या?”

मी तोंड उघडलं. पोटावर हात होता माझा.

“सुमेधा?”

“झोप येतेय मला,” मी म्हटलं.

माझ्या झोपेच्या वेळा त्याला माहीत होत्या. “बरं,” तो म्हणाला. “झोप.”

मी झोपले नाही. बाहेर व्हरांड्यात आले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि सासूबाई गुढीची तयारी करत होत्या. त्यांचं आडनाव विठोजी. कोकणातून बोटीने आलेल्या पहिल्या माणसाचं नाव विठोजी होतं, कारकुनाने तेच आडनाव म्हणून लिहिलं आणि पाच पिढ्या तेच चाललं. सासूबाई बोलायच्या क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत. मीही त्यांच्याशी तेच बोलायचे. पण चिंचेने तांब्या घासताना त्या जे गुणगुणत होत्या ते मराठी होतं. अर्थ विचारला तर त्यांना सांगता आला नसता.

“बांबू कुठून आणलात?”

“मागच्या वर्षीचाच. कीड नाही लागलेली.” त्यांनी तांब्या उजेडात फिरवून बघितला. “मी लहान असताना आम्ही उसाच्या मळ्यातल्या चाळीत राहायचो. माझी आजी गुढी छपरावर लावायची, उंच. आजा ओरडायचा, पडशील म्हणून. ती म्हणायची, पलीकडच्या चाळीतून दिसली पाहिजे. तिकडच्या लोकांना कळू दे, इथे कुणीतरी आहे.”

त्यांनी बांबूला जुनी पिवळी साडी गुंडाळून व्हरांड्याच्या खांबाला टेकवून बघितली आणि जुईला फाटकाशी पिटाळलं. “बाहेर नाही जायचं हं. फाटकातूनच बघ. लांबून दिसते का?”

“दिसते!” जुई ओरडली.

“काय दिसतं?”

“कापड!”

मी पायरीवर बसले.

चार दिवसांपूर्वी धनेशने फोनवर एक गंमत सांगितली होती. दोनशे चौदा नंबरातल्या एका फ्रेंच आजोबांनी चड्डी धुऊन बाल्कनीत वाळत घातली. पाच मिनिटांत डॉक्टर, नर्स, सगळे पांढरे झगे चढवून वर, स्ट्रेचरसकट. आजोबा आंघोळ करत होते. “बाल्कनीत कापड दिसलं की आतला माणूस आजारी, असा नियम आहे इथे,” धनेश हसत म्हणाला होता. “नाना देशांचे लोक, भाषा येत नाही, खोलीतले फोन बिघडलेले. म्हणून. पहिल्याच दिवशी सगळ्यांना कागद दिलाय, फ्रेंच आणि इंग्रजीत. वाचतो कोण?” आम्ही दोघंही खूप हसलो होतो. आईला या दोन्ही भाषा येत नव्हत्या. तिला सांगायला हवं, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं आणि राहून गेलं होतं.

“चक्कर येतेय का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग तोंड का असं? पा त्राकासे, मो तिफी,” त्या म्हणाल्या. काळजी करू नको, पोरी. त्यांनी तांब्या माझ्या मांडीवर ठेवला. “हा पूस. हात रिकामे ठेवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी फोन लावला. साडेआठच्या गोळीच्या आधी.

“एवढ्या लवकर?” आईचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. “दुखतंय का?”

“नाही. आज पाडवा आहे.”

“माहितेय मला. काल त्या पोराने ताटात गोड शेवया पाठवल्या. तुझ्या नवऱ्याने.”

“आई, गुढी उभार ना.”

“इथे?”

“आपल्या घरात एक वर्षही चुकलं नाही. बाबा गेले त्या वर्षीही तू उभारलीस.”

“काठी कुठाय इथे?”

“पडद्याची दांडी असेल. ओढून काढ.”

“आणि कलश?”

“चहाची किटली आहे ना खोलीत?”

ती हसली आणि खोकली. “विजेची आहे. वायर लोंबेल गुढीला.”

“वायर खाली राहते. किटली सुटी निघते.”

“निघते खरी.” मला तिचा श्वास ऐकू येत होता, वर चढणारा, मध्ये अडकणारा. “आणि उभारू कुठे?”

“बाल्कनीत,” मी म्हटलं.

“बाल्कनीत.”

“गुढी काय घरात उभारतात का, आई?”

फोनवर तेव्हा जी शांतता झाली ती मी पुढे पुष्कळदा आठवून बघितली आहे. समुद्राचा आवाज येत होता, तिच्या खोलीतून. मला वाटलं, तिला दम लागलाय.

“जुई उठली का?” तिने विचारलं.

“झोपलीय.”

“आणि आतलं?”

“हालतंय.”

“बरं,” आई म्हणाली. “तू म्हणतेस तर उभारते.”

तिने फोन पलंगावर ठेवला, चालूच. मला छत दिसत होतं. तिचे पाय घासत इकडून तिकडे गेले. दांडी पडल्याचा खणखणाट झाला. बॅगेची चेन उघडली. ती मध्येमध्ये बसायची, पलंग करकरायचा, मग उठायची.

“हिरवी इरकल लावते गं,” ती लांबून म्हणाली. “कोरी हीच आहे. बारशाला धुऊन नेस.”

“लाव.”

“साखरेची गाठी नाही. चहाच्या साखरेच्या पुड्या आहेत, त्या दोऱ्यात ओवते. कडुलिंब नाही.”

“असू दे.”

पुड्या ओवायला तिला बराच वेळ लागला. त्या वेळात मला दोनदा वाटलं की ओरडावं, आई, नको, राहू दे. आठ वाजायला आले होते. मग काचेचं दार सरकलं आणि एकदम वारा फोनमध्ये शिरला. इरकलीचा फडफडाट मला ऐकू आला. त्यानंतर टाळी वाजवल्यासारखा आवाज. तिने हात जोडले असावेत.

दार वाजलं ते किती वेळाने, मला सांगता येणार नाही. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. “मादाम? मादाम?” असं कुणी बाई म्हणत होती. मग पुष्कळ पावलं.

“काय झालं?” आईचा आवाज. “गुढी आहे ती. गुढी. सण. फेस्टिवल. अहो, काढू नका, किटली पडेल.”

किटली पडली. ते मला ऐकू आलं. मग ते तापाचं पिस्तूल टुं वाजलं, पुन्हा वाजलं, आणि त्या बाईने एक आकडा क्रिओलमध्ये दोनदा म्हटला. खोलीतले बाकीचे आवाज थांबले.

“सुमेधा,” आई कुठून तरी म्हणाली, “यांना सांग गं, गुढी होती म्हणून.”

मी फोन कानाला लावून बसून राहिले. मी काही सांगितलं नाही.

धनेशचा फोन दहा वाजता आला.

“आईंना मोठ्या हॉस्पिटलला नेलं,” तो म्हणाला. “ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस खोलीत राहिल्या असत्या तर मग काही करता आलं नसतं. आत्ता करता येईल. ऐकतेयस?”

“हो.”

“सुमेधा, मी खालीच होतो. भाजीची गाडी आली होती, उतरवून घेत होतो. पहाऱ्यावरच्या पोलिसाने वर बोट दाखवून मला विचारलं, ते काय आहे? हिरवी साडी, वर किटली, साखरेच्या पुड्या.” तो थांबला. “मी जन्मापासून दर पाडव्याला गुढी बघतोय. आमच्या व्हरांड्यात.”

“मग काय म्हणालास तू?”

“म्हटलं, कापड दिसतंय. वर जाऊन बघायला हवं.”

स्वयंपाकघरात सासूबाई जुईला सांगत होत्या, आज एकच पुरी, उद्या दुसरी.

“तुला माहीत होतं त्यांना ताप आहे,” धनेश म्हणाला.

“तिने बाळाची शपथ घातली होती. मी कुणालाच काही सांगितलेलं नाही.”

“नाही,” तो म्हणाला. “तू काहीच सांगितलं नाहीस.” आणि मग मला त्याच्या रडण्याचा आवाज आला. माझे सासरे गेले तेव्हासुद्धा तो रडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दुकानं उघडली. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वार ठरवून दिले होते. विठोजींची पाळी सगळ्यात शेवटी, बुधवार आणि शनिवार. “बोटीतून उतरताना अर्जुन म्हणून नाव सांगितलं असतं म्हाताऱ्याने,” सासूबाई म्हणाल्या, “तर आज घरात तांदूळ असता.” शनिवारी त्या पिशव्या घेऊन निघाल्या आणि मला कळा सुरू झाल्या. त्यांनी पिशव्या तिथेच टाकल्या. रुग्णवाहिकेत त्यांना बसू दिलं, हॉस्पिटलच्या फाटकाच्या आत नाही. जुईला शेजारी ठेवलं होतं. धनेश हॉटेलात. आई दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात, नाकाला नळी लावून.

संध्याकाळी चार वाजता मुलगी झाली. एका तोंड झाकलेल्या नर्सने, जिचे फक्त डोळे मला आठवतात, माझा फोन धरला आणि दुसऱ्या हॉस्पिटलातल्या कुणीतरी आईच्या कानाशी फोन धरला. बाळ रडत होतं. आई ऐकत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “रडू दे. छान रडतेय.” आणि मग, “तू जेवलीस का?”

ती घरी आली तेव्हा बाळ सव्वीस दिवसांचं होतं. धनेशच तिला घेऊन आला, त्यालाही त्याच दिवशी सोडलं. ती फाटकातून आत आली तेव्हा मला आधी ती ओळखू आली नाही, इतकी वाळली होती. तिने दारातच पाय धुतले, हात कोपरापर्यंत धुतले, मग सासूबाईंकडे बघून नमस्कार केला. सासूबाईंनी बाळ उचलून तिच्या हातात दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी बाळाच्या पायांबद्दल काहीतरी बोलल्या, आपापल्या भाषेत, आणि दोघींचं एकमत झालं असं दिसलं.

इरकल तिच्या बॅगेत परत आली होती. हॉस्पिटलात जंतुनाशकात बुडवल्यामुळे काठावर पांढरे ठिपके पडले होते.

“आता ही तुला नको,” आई म्हणाली. “ही मी नेते. तुला दुसरी घेईन.”

विमानं बंद होती. आई साडेपाच महिने आमच्याकडे राहिली. बाळाला तिने गार्गी नाव दिलं, रोज तेल लावायला सासूबाईंना शिकवलं, धनेशच्या हातचं जेवली आणि त्याला नावं ठेवत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली. “काय लोक तरी तुमचे, जावईबापू. गुढी कळत नाही. मी आपली बाल्कनीत किटलीची गुढी उभारली, हात जोडले, तर भुतांसारखे पांढरे झगे घालून पाच जण आत. मला काय माहीत, कापड लावलं की डॉक्टर येतो? किटलीची तोटी मोडली, ती अजून भरून दिलेली नाही मी.” सगळे हसायचे. धनेश हसायचा. मी चहा ठेवायला आत जायचे.

एकदा मी ठरवलं होतं. ती व्हरांड्यात पाय पसरून बसली होती, पायांवर गार्गी, आणि तिचे हात तेलाने चमकत होते.

“आई, त्या पाडव्याला मी तुला—”

“बघ, बघ, कानात तेल जातंय तिच्या,” आई म्हणाली. “कापूस आण.”

मी कापूस आणला. पुढे तो विषय निघाला नाही.

देवगडला गेल्यावर दर पाडव्याला ती तीच ठिपक्यांची इरकल गुढीला लावायची आणि फोटो पाठवायची. गेल्या दिवाळीनंतर ती गेली, झोपेतच. मिळेल त्या विमानाने मी पोचले, पण तिच्याशी जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. निघताना माझ्या भावाने, सुहासने, तिची एक बॅग माझ्याबरोबर दिली. मी ती तीन महिने उघडली नाही.

या पाडव्याच्या आदल्या दिवशी उघडली. म्हटलं, गुढीला या वर्षी तिची इरकल लावावी. जुई शाळेतून यायची होती. गार्गी माझ्याजवळ फरशीवर बसली होती, साखरेच्या पुड्या दोऱ्यात ओवत. आमच्याकडे गाठी अशीच करतात आता. ती पाच वर्षांची होईल. अक्षरं अजून जुळत नाहीत तिला.

मी साडीची घडी मोडली आणि आतून एक कागद पडला. चार घड्या घातलेला, घडीवर मऊ झालेला. गार्गीने तो उचलून उलगडला.

“आजीचं आहे हे?”

मागच्या बाजूला पेन्सिलीने आईचं अक्षर होतं. नर्स ९, ५. गोळी ८॥, ४॥. खाली दिवसांच्या उभ्या रेघा, आठ. मी कागद उलटा केला. हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर, सतरा मार्च अशी तारीख. फ्रेंचमधल्या ओळी, इंग्रजीतल्या ओळी. आणि खाली, पानाच्या अर्ध्या भागात, एक चित्र. बाल्कनी, कठड्यावर लोंबणारा टॉवेल, आणि जिन्यावरून वर धावणारा, हातात अधिकचं चिन्ह असलेली पेटी घेतलेला माणूस.

अठ्ठावीस वर्षं आई अंगणवाडीच्या भिंतीवर असेच तक्ते लावायची. वाचता न येणाऱ्या बायकांसाठी. एकेका चित्रावर पट्टी ठेवून विचारायची, सांगा बघू, या बाईने काय केलं म्हणजे काय होईल?

मला न्हाणीघरातल्या दांडीवर टपटपणारी साडी दिसली.

“हे मला येतं,” गार्गी म्हणाली आणि चित्रावर बोट ठेवलं. “याने टॉवेल लावला. म्हणून डॉक्टर येतोय. आपल्या गोष्टीतल्यासारखं.”

“हो.”

“पण गोष्टीत तर आजीला माहीत नसतं.”

“हो, नसतं.”

तिने कागद पुन्हा नीट बघितला, जवळ धरून, मग लांब धरून. पुडी ओवलेला दोरा तिच्या मांडीवरून खाली लोंबत होता.

“आणि हा कागद आजीकडेच होता?”

“तिच्याकडेच.”

“मग आई,” गार्गी म्हणाली, “आजीने गुढी का लावली?”